अधिक-उणे

अंबडच्या शेडमध्ये माझं टेबल खिडकीशी.
दिवसाला चारशे शाफ्ट हातातून जातात.
व्यास पंचवीस मिलिमीटर,
अधिक-उणे दोन शतांश.
एवढं चुकणं मान्य आहे,
ड्रॉइंगवर तसं छापलेलंच असतं.

माझं ड्रॉइंग मला कुणी दिलं नाही.
एकवीस वर्षांत मीच काढलं,
पडून पडून.
झोप सात तास, उणे अर्धा चालतो.
गोळी सकाळी आठ, रात्री आठ.
इथे अधिक-उणे काही नाही.
उपास बंद. संकष्टीला सासूबाई
न बोलता माझ्यापुरती पोळी लाटतात,
तेही औषधातच धरते.
भांडण किती चालतं,
ते अजून मोजता आलेलं नाही.

"टेन्शन घेऊ नकोस," सगळे म्हणतात,
जणू दहीपुलावर कुणी ते टोपलीत मांडून बसलंय
आणि मी भावसुद्धा न करता
पिशवी पुढे करते.

घेत नाही मी. ते येतं.
द्वारकेला बस अडकते,
घड्याळ आठाकडे सरकतं,
आणि गोळ्या घरी, फ्रिजवर.
त्या रात्रीपासून एक स्ट्रिप पर्समध्ये,
एक टेबलाच्या खणात,
एक निर्मला गांगुर्डेच्या डब्याच्या पिशवीत.
ती म्हणते, तुझ्यामुळे माझ्या लोणच्याला
दवाखान्याचा वास येतो.

स्कूटर विकली तेव्हा रडले होते.
आता खिडकीची जागा मिळते, पण
झाडांमागून ऊन लुकलुकायला लागलं
की एक डोळा तळहाताने झाकून बसते.
समोरच्या बाईला वाटतं, काहीतरी गेलंय डोळ्यात.
वाटू दे.

पहिल्यांदा पडले ती निमाणीच्या स्टँडवर.
शुद्ध आली तर नाकाशी कांदा.
अख्ख्या देशाला पुरवणारा आमचा जिल्हा,
मला कसा कमी पडेल?
मुठीत किल्ल्यांचा जुडगा होता,
आणि एक चप्पल, कुणाची ते शेवटपर्यंत कळलं नाही.
जीभ चावलेली. साडी कुणीतरी नीट केलेली.
तीही कोण, कळलं नाही.

काल महिनाअखेर. डिस्पॅच अडलेला.
खैरनार साहेब म्हणाले, आज सलग दोन शिफ्ट,
सगळ्यांनी.
पोटातून गोळा वर चढला.
हा नुसता भीतीचा, की त्याचा?
दोन्ही एकाच जिन्याने वर येतात,
पावलं ओळखायला शिकतेय,
अजून चुकते.
नळाखाली मनगटं धरली.
श्वास आत, चार. बाहेर, सहा.
परत येऊन म्हणाले,
साडेसहाला मी निघणार.
का, ते तुम्हाला ठाऊक आहे.
मशीन चालूच होतं. ते "बरं" म्हणाले,
रागाने म्हणाले असतील.
तो राग मी घरी नेला नाही.
खरं तर नेला.
साडेबारापर्यंत जागी होते त्याच्यासोबत.
वहीत लिहिलं : झोप साडेपाच. उणे दीड.
कारण : खैरनार.

आज नवी ट्रेनी आली, प्रणिता देवरे, ओझरची.
तिला गेज शिकवला.
हे तोंड शाफ्टवर सरकायला हवं,
ते सरकायला नको,
आणि जोर कुठेच लावायचा नाही.
मग त्याच सुरात सांगितलं :
मी पडले तर आधी घड्याळ बघ.
डोक्याखाली काहीतरी मऊ सरकव,
झटके थांबले की कुशीवर कर,
तोंडात काही घालू नकोस, दाबून धरू नकोस.
पाच मिनिटांवर गेलं तर गाडी बोलव.
तिनं ते गेजच्याच पानावर उतरवलं,
खाली पट्टीने रेघ मारली.

"आणि मग?"

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

मग, वार सांग मला.
तुझं नाव सांग, आधी सांगितलं असलं तरी.
आणि माझ्या हातात जो शाफ्ट होता,
तपासलेला की राहिलेला,
तेवढं बघून ठेव.